टॉवर कोणाचाही असो, फोन लागला पाहिजे

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मोबाइलच्या रेंजवरून वाद निघाला की तो हटकून दोन वाटांनी जातो. एक गट म्हणतो, आम्ही मराठी म्हणून बंगळूर आमच्याकडे ढुंकून पाहत नाही. दुसरा म्हणतो, भीमगड अभयारण्यातल्या गावांनी सरकारचे 15 लाख रुपये घेऊन रानाबाहेर यावे, म्हणजे टॉवरचा प्रश्नच उरणार नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात राहून गावाकडचा हा वाद ऐकताना मला दोन्ही वाटा आडवळणाच्या वाटतात.

पहिल्या तक्रारीमागे सीमाभागाचा जुना सल आहे आणि तो खोटा नाही. परंतु दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे, आणि टॉवर उभारताना खासगी कंपनी ग्राहक मोजते, त्यांची भाषा नव्हे. वीस-तीस घरांच्या वस्तीसाठी टॉवरची वीज, डिझेल आणि देखभाल यांचा खर्च निघत नाही, हे गणित वस्ती कन्नड असती तरी तेच आले असते. राज्य सरकारला मात्र हात झटकता येणार नाहीत, कारण वनखाते आणि वीज पुरवणारी हेस्कॉम ही दोन्ही त्याचीच आहेत.

इकडे ब्रिटनमध्ये तरी सारे आलबेल आहे का, असे गावाकडून विचारले जाते. तसे मुळीच नाही. 2014 मध्ये ब्रिटिश सरकारने सुचवले होते की, जिथे स्वतःच्या कंपनीची रेंज नसेल तिथे ग्राहकाला दुसऱ्या कंपनीची वापरू द्यावी. कंपन्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि त्याऐवजी 2017 पर्यंत देशाच्या 90 टक्के भूभागावर रेंज पोहोचवण्याचे वचन देऊन तो प्रस्ताव टाळला. पुढे 2020 मध्ये सरकार आणि चार कंपन्यांनी मिळून सुमारे 100 कोटी पौंडांची ग्रामीण योजना आखली आणि 95 टक्के भूभागावर 4जीचे उद्दिष्ट ठेवले. त्या टक्केवारीत किमान एका कंपनीची रेंज असली तरी ती जागा जमेस धरली जाते. त्यामुळे एखाद्या दरीत गाडीतल्या सोबत्याच्या फोनवर व्हिडिओ चालतो आणि त्याच सीटवरचा माझा फोन मुका असतो.

तरीही लोकसंख्येऐवजी भूभाग मोजण्याची ही रीत आपण उचलावी, असे मला वाटते. चोर्ला घाटात गाडी बंद पडलेला माणूस कोणत्याच गावाच्या हिशेबात येत नाही.

दुसऱ्या कंपनीची रेंज वापरू देण्याबाबत मात्र भारत पुढे आहे, आणि गावाकडच्या चर्चेत याचा कोणी उल्लेखही करत नाही याचे मला नवल वाटते. डिजिटल भारत निधी या दुर्गम भागातील दूरसंचारासाठीच्या केंद्राच्या निधीतून उभ्या राहिलेल्या 4जी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांच्या ग्राहकांनी एकमेकांची सेवा वापरावी, ही सोय जानेवारी 2025 मध्ये सुरू झाली. ती केवळ निधीच्या टॉवरपुरती का असावी? कणकुंबी-जांबोटी पट्ट्यासारख्या जंगलभागात प्रत्येक टॉवरला हाच नियम लावला, तर नवा खांब न रोवताही कितीतरी फोन जिवंत होतील.

स्थलांतराबद्दल एवढेच म्हणतो की ते ऐच्छिक आहे, आणि माणसे तिथे आहेत तोवर त्यांच्या गरजाही तिथेच आहेत. स्कॉटलंडमध्येही निसर्गप्रेमींनी टॉवरला विरोध केला, पण त्यांचा मुख्य आक्षेप निर्मनुष्य डोंगरांवरील टॉवरना होता. भीमगडातली आमगाव, गवळी, देगाव ही नांदती गावे आहेत. पावसाळ्यात तिथल्या आजारी माणसाला चिखलातून खांद्यावर आणावे लागते, आणि 108 ला फोन लावण्यासाठी आधी कोणीतरी टेकाड चढून रेंज शोधतो. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये खात्यात जमा झाल्याचा संदेशही त्याच टेकाडावर वाचायचा.

राहता राहिला पाऊस. झाड पडून वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते, आणि रस्ता बंद असल्याने डिझेलही पोहोचत नाही. म्हणून ग्रामपंचायतींनी ठरावात नुसते ‘5जी द्या’ असे लिहू नये. कोणतेही सिम चालावे ही मागणी दूरसंचार विभागाकडे, पावसाळ्याआधी मोठी बॅटरी बसवण्याची मागणी टॉवर चालवणाऱ्या कंपनीकडे आणि तारांवरच्या फांद्या मे महिन्यातच छाटण्याची मागणी हेस्कॉमकडे, अशी तीन वेगळी पत्रे जावीत.