‘अचानक टिपलेले’ फोटो

विमानतळावर ‘अचानक दिसलेला’ सिनेतारा! अहो, बहुतेकदा अचानक काहीच नसतं. प्रसिद्धी सांभाळणारी माणसं छायाचित्रकारांना वेळ आणि गेट आधीच कळवतात. अंगावरचे कपडे, हातातली बॅग पुष्कळदा ब्रँडने दिलेली, फोटो झाले की परत जाणारी. मग तोच फोटो बातमी म्हणून छापायचा आणि खाली ‘जाहिरात’ हा एक शब्दही लिहायचा नाही. ही सरळ फसवणूक आहे. त्याहून वाईट म्हणजे रोजच्या या रतिबामुळे न बोलावताही ताऱ्यांवर आणि त्यांच्या मुलांवर कॅमेरे रोखले जातात. रुग्णालयाचं दार, स्मशान, शाळेतून निघालेलं पोर, काहीच सुटत नाही. लहान मुलांचा असा छळ करणाऱ्यांची शिक्षा कॅलिफोर्नियाला २०१३ मध्ये कायदा करून एक वर्षाच्या कैदेपर्यंत वाढवावी लागली. निदान मुलांचे चेहरे तरी छापू नका!