फुकटचा यू

बेळगावातल्या एका सेवा केंद्रात रेशन कार्डावरचा पत्ता बदलायला गेलो आणि नाव बदलून आलो. काउंटरवरच्या पोराने ‘हेसर एन री?’ विचारलं, मी ‘परशराम’ सांगितलं, आणि त्याने इंग्रजीत मधे एक यू घालून परशुराम टाइप केलं. हटकलं तर म्हणे, परशराम अंत हेसर इरंगिल्ल री. असं नावच नसतं! सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलणाऱ्या घरांत एक यल्लाप्पा नाहीतर एक परशराम ठरलेला. निपाणी-खानापूर बसमध्ये ‘ओ परशराम’ म्हणून हाक मारा, कंडक्टरसकट चार जण वळतील. पण ह्याच्याकडे नाही म्हणजे नाही.

माझ्या मागे एक काका उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी.

“यू घातला काय त्यानं?” काकांचे डोळे चमकले. “मग गेलासा की ओ तुमी.”

“कुठं?”

“शुक्राकडं.”

माझ्या आधारची झेरॉक्स त्यांनी माझ्याच हातातून घेतली, पालथी केली आणि पिशवी टेकवून बेरीज मांडली. पद्धत अशी की इंग्रजी अक्षरांना १ ते ८ आकडे द्यायचे. ९ पवित्र, तो कुठल्याच अक्षराला द्यायचा नाही. पी ८, आर २, एस ३, एच ५, एम ४ आणि ए येईल तितक्या वेळा १. परशरामाची (Parashram) बेरीज २७. दोन आणि सात, नऊ. नऊ म्हणजे मंगळ.

“म्हणून तुमी चिडका.”

मी चिडका नाही, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. काकांनी रांगेकडे वळून ‘बघितलासा?’ असा हात केला.

“आता यूचे सहा. सत्तावीस नि सहा तेहतीस, तीन नि तीन सहा. शुक्र! आता अत्तर काय, इस्त्रीची कापडं काय, गाणं-बजावणं काय. बायकामाणसांत ऊठबस वाढणार तुमची.”

पुढच्या मावशींनी पदर सारखा केला आणि त्या एक पाऊल सरकल्या. रांग इंचभर पुढे गेली, इतकाच काय तो त्या यूचा उपयोग.

एका कॉलेजच्या पोराने मोबाइल काढून दुसरा तक्ता लावला. हा पायथागोरसच्या नावाने चालतो. ह्यात ९ सुद्धा वापरतात. त्यात परशराम ४१, म्हणजे ५, बुध. यू धरला तर ४४, म्हणजे ८, शनी. एकाच रांगेत उभा राहून मी चार ग्रह झालो.

“ते परदेशी हाय,” काकांनी निकाल दिला.

“आणि तुमचं?”

“खाल्डियन.”

“ते कुठं, गोकाकजवळ?”

खाल्डिया म्हणजे जुना बाबिलोन, तिकडे इराकात. पण काका रागावले नाहीत. मंगळ असल्या बाबतीत बोलतोच, असं समजूतदारपणे म्हणाले आणि थेट नक्षत्रावर आले. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, १०८ अक्षरं. ‘पा’ म्हणजे उत्तरा फाल्गुनी, तिसरा चरण, कन्या रास. मी विचारलं, हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो, त्यावरून एक नाव सांगा. काकांनी टोपी मागे सरकवून बराच वेळ विचार केला.

“त्या राशीतलं दुसरं अक्षर देतात की भटजी.”

“मग स्वभाव कुठल्या अक्षराचा?”

“राशीचा!”

म्हणजे अक्षर कशाला? चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात. तेवढ्या वेळात जन्मलेली सगळी पोरं एका अक्षराची, एका वळणाची. एका खोलीत ठेवून बघा म्हणावं.

आमच्या भागात तर हे शास्त्र फारच नडतं. ज्ञानेश्वर घ्या. मराठी माणूस तो इंग्रजीत डीपासून लिहितो, कानडी माणूस जेपासून. काकांच्याच तक्त्याने पहिला २, चंद्र. दुसरा ७, केतू. शाळेच्या दाखल्यावर हळवा आणि रेशन कार्डावर विरक्त! उत्साहाच्या भरात काकांनी शहरही काढलं. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारने इंग्रजी स्पेलिंग बदललं. आधीच्या स्पेलिंगचे २४, शुक्र. नवीन बेळगावीचे २२, म्हणजे ४, राहू. ‘राहू’ म्हणताना काकांनी आवाज एकदम खाली आणला. मी खाली आणला नसता. माणसाला नाही विचारलं, गावालाही नाही विचारलं. ज्याच्या हाताखाली कीबोर्ड, त्याने ठरवायचं.

आपल्या जुन्या लोकांना नावाने स्वभाव घडवायची हौस नव्हती. पोरं जगत नसत, म्हणून धोंडू, दगडू, केरबा, कानडीत उकिरड्यावरून तिप्पाण्णा. यमाने नाक मुरडून पुढे जावं, एवढाच हिशेब. पण मुलींना नकुशी म्हणायचे ते यमासाठी नव्हे. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. तोवर ते नाव त्यांनी रोज हजेरीला ऐकलं होतं. त्यात कुठला ग्रह बसवणार? इस्रायलमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये छापलंय की मोठ्या माणसाचा चेहरा पाहून दिलेल्या पर्यायांतून त्याचं नाव ओळखणं लोकांना निव्वळ अंदाजापेक्षा बरं जमतं, लहान मुलांचं जमत नाही. म्हणजे नाव जन्मतः चिकटत नाही. लोक हाका मारमारून ते अंगात मुरवतात. मला आजवर कुणी ‘परशुराम’ म्हणून हाक मारलेली नाही, त्यामुळे शुक्राचा धोका तूर्त नाही.

धोका वेगळाच आहे. आधारवर एक आणि रेशन कार्डावर दुसरं नाव म्हणजे पुढे प्रत्येक खिडकीवर ‘मॅच आगवल्दु री’, म्हणजे जुळत नाही. तेव्हा कुणाला जायचं असेल तर सबमिट दाबण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या. कानडी ओळ आणि इंग्रजी ओळ वेगवेगळ्या वाचा, कारण एक बरोबर असली तरी दुसरी चुकते. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्स कार्ड खरं धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून रेशन कार्डावरच्या चुकीला आधार जुळवायला जाऊ नका. चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त करून मागा.

काकांचा सल्ला उलटा होता. “आलासाच हाय तर यू काढायला लावा आणि शेवटच्या ‘राम’मध्ये एक ए जास्त घाला. अठ्ठावीस. दोन नि आठ दहा, एक. रवी! सरकारदरबारी वजन पडतंय.”

मी नको म्हणालो, तर काकांनी तीच झेरॉक्स पुढच्या मावशींसाठी घेतली. मावशींचं नाव मल्लव्वा. त्यांच्या स्पेलिंगला कार्डावर एक एल कमी होता आणि काकांच्या मते घरातली सगळी भांडणं तिथूनच सुरू झाली होती. मी काउंटरवर मार्क्स कार्ड ठेवलं. पोराने ते नीट वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि सर्व्हर इल्ल, नाळे बर्री म्हणाला. सर्व्हर नाही, उद्या या!