लायसन लागत नाही म्हणून खेळणं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘पंपवालं एअर पिस्तूल घ्या. लायसन लागत नाही, म्हणजे सरकारनेच ते खेळणं ठरवलंय. छर्रा कातडीत शिरत नाही. जितके पंप जास्त तितका नेम पक्का. गच्चीवर बिनधास्त वापरा, माकडं-कबुतरं पळतात. याच पिस्तुलावर मनू भाकरने पदकं जिंकली.’ शेवटी कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिचा फोटो. खाली अंगठे आणि ‘कुठे मिळेल?’

माझ्याकडे असं पिस्तूल आठ वर्षं आहे आणि मला ते फार आवडतं. त्यामुळे ‘बंदी घाला’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण या मेसेजातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एक तर अर्धवट आहे किंवा उलटं.

लायसनचं अर्धं खरं. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा आतला व्यास 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिमीच्या आत आणि छर्र्याची ऊर्जा 20 जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दोन्हींपैकी एक जरी ओलांडलं तरी लागतो. म्हणजे कुणी 0.22 इंचाची नळी ‘कमी ताकदीची आहे’ म्हणून खपवत असेल तर सावध राहा.

पण ही 20 जूलची रेघ कागदपत्रांसाठी आहे. कातडीची रेघ वेगळी, आणि ती बरीच अलीकडे आहे. शिशाचा साधा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. न्यायवैद्यकातल्या प्रयोगांत असा छर्रा सेकंदाला साधारण 100 मीटर वेगाने आला तर माणसाच्या कातडीत शिरतो असं दिसलंय. गणित करा: अडीच जूल. कायद्याने मोकळीक दिलेल्या मर्यादेचा आठवा भाग! पूर्ण पंप मारलेल्या बऱ्या पिस्तुलाचा छर्रा सेकंदाला 150 मीटरचा वेग सहज ओलांडतो. डोळ्याला तर 100 च्या निम्मा वेगही जास्त होतो. ‘छर्रा कातडीत शिरत नाही’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने बहुधा दोन पंप मारून जाड जीनवर प्रयोग केला असावा.

आता पंपांचं. इथे मी जरा रेंगाळणार, कारण ही चूक मीही केली आहे.

या पिस्तुलात नळीखालचा दांडा उघडून मिटला की पिस्टन बाहेरची हवा दाबून आतल्या कप्प्यात ढकलतो. चाप ओढला की हातोडी झडपेवर आपटते, झडप उघडते आणि ती हवा छर्र्याला ढकलते. क्रॉसमन 1377 सारख्या पिस्तुलात 3 ते 10 पंप मारायचे असतात. प्रत्येक पंपाने दाब वाढतो, पण वेगाची वाढ कमी कमी होत जाते. शेवटचे दोन पंप दंडाला जेवढे जाणवतात तेवढे छर्र्याला जाणवत नाहीत. दहाच्या पुढे गेलात तर आतला दाब झडपेला इतका घट्ट धरून बसतो की हातोडी ती पूर्ण उघडूच शकत नाही. थोडी हवा आतच राहते, आणि आपण समजतो पिस्तूल रिकामं झालं.

नेमाशी याचा संबंध एवढाच की पंपांची संख्या दर वेळी सारखी हवी. 10 मीटरवर 100 च्या वेगाचा छर्रा वाटेत जवळपास 5 सेंटिमीटर खाली येतो, 150 च्या वेगाचा सव्वादोन. एकदा चार आणि एकदा नऊ पंप मारले की छर्रा पावणेतीन सेंटिमीटर वर-खाली होऊ शकतो. 10 मीटर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं. शिवाय नऊ पंप मारून धापा टाकणारा हात स्थिर राहतो का, हे करूनच पाहा. पहिले सहा महिने मी ‘फुल पॉवर’ मारत होतो आणि दोष छर्र्यांच्या डबीला देत होतो. चारवर आलो आणि भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाऊ लागली.

गच्चीबद्दल. चुकलेला छर्रा कठड्यावर थांबत नाही, पलीकडच्या बिल्डिंगपर्यंत जातो. शिशाचा छर्रा भिंतीवर निदान चपटा तरी होतो. स्टीलचे गोल छर्रे, ज्यांना बीबी म्हणतात, तसेच परत येतात. मित्राच्या घरी एक लोखंडी दारावरून उडून माझ्या चष्म्याच्या काचेला लागला होता. आणि भरलेलं पिस्तूल ‘नंतर मारू’ म्हणून ठेवून देणं सगळ्यात वाईट. सात वर्षांच्या पोराला दहा पंप मारता येणार नाहीत, पण तुम्ही मारून ठेवलेल्या पंपांवर चाप ओढायला त्याला ताकद लागत नाही.

माकडांवर बोलायला मला जड जातं, कारण कोकणातल्या बागायतदाराचं नुकसान मी पाहिलंय आणि त्याचा संताप खोटा नाही. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे. जखमी करणंही त्यातच येतं. आणि माकड पळतं ते छर्रा घेऊन पळतं. पुढे ती जखम चिघळत राहते. भटक्या कुत्र्यावर मारलात तर 1960 चा प्राणिक्रूरतेविरुद्धचा कायदा आहे. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून ‘एअरगन सरेंडर अभियान’ चाललं, लोकांनी दीड हजारांहून जास्त एअरगन आणून दिल्या. पक्ष्यांची शिकार थांबावी म्हणून! खेळण्यांसाठी कुणी असं अभियान काढत नाही.

मनू भाकरचं वाक्य थोडक्यात. पॅरिसमध्ये 2024 साली तिने 10 मीटर एअर पिस्तुलात एकेरी आणि सरबज्योत सिंगबरोबर मिश्र गटात कांस्य जिंकलं, छर्राही 4.5 मिमीचाच. पण स्पर्धेच्या पिस्तुलाला दांडा मारत बसायचं नसतं. आधीच दाबून भरलेल्या हवेचं नळकांडं असतं. राहीचं 2018 च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण तर 25 मीटर पिस्तुलाचं, म्हणजे 0.22 काडतुसाचं. तिच्या फोटोचा या मेसेजशी काडीचा संबंध नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दोघांनी नमस्कार केला, एकाने ‘इतकं कोण वाचतं’ म्हटलं. मग खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, “बरं, मग पंप किती मारायचे?”

“चार. डोळ्यांवर चष्मा, टार्गेटमागे जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या. आणि गच्चीवर नाही, काका.”