वर भट्टी, खाली बर्फ

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून अलास्कातल्या केचिकनला जाणाऱ्या सरकारी फेरीबोटीत केबिन घेतलीच पाहिजे असं नाही. सर्वांत वरच्या डेकवर, मागच्या टोकाला सोलेरियम असतं. तिथे खुशाल पथारी पसरावी. "अहो, डोंगर बघत झोपायचं!" बायको म्हणाली. केबिनचे पैसे वाचणार म्हटल्यावर मलाही डोंगर आवडू लागले.

सोलेरियमला वर छप्पर, तीन बाजूंना आडोसा आणि मागची बाजू सताड उघडी. छताला लालबुंद हीटर, खाली प्लॅस्टिकच्या आरामखुर्च्या. हीटरखालच्या खुर्च्या जाणत्या मंडळींनी आधीच बळकावल्या होत्या. आमच्या वाट्याला कडेची जागा आली. कपाळ भाजतंय, तळपाय गारठलेत. मध्यरात्री मी उलटा झोपलो. पायांची चंगळ झाली, डोक्यावर अभिषेक सुरू झाला. पाऊस मी म्हणत होता. डोंगर असतीलच म्हणा; धुक्यात कोण चौकशी करणार?

छपराबाहेर तंबू ठोकणारे आणखी थोर. ठोकणारे कसले, लोखंडी डेकवर खुंटी शिरणार कुठे? तंबू डक्ट टेपने चिकटवायचा. एक तरुण टॉवेलने डेक पुसायचा, टेप दाबायचा, दुसऱ्या कोपऱ्याकडे वळायचा. तोवर पहिला सुटलेला. पुन्हा टॉवेल. अखेर तीन कोपऱ्यांवर सामान ठेवून चौथ्यावर तो स्वतःच बसला. माझ्या मते रात्रभर तंबूलाच त्याचा आसरा होता.

एरवी ही वाट बेटांच्या आडून जाते, म्हणून पाणी शांत. पण व्हँकुव्हर बेट मागे पडलं की क्वीन शार्लट साउंड या उघड्या समुद्रपट्ट्यात तो आडोसा सुटतो आणि पॅसिफिक थेट अंगावर येतो. त्या पट्ट्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. बायको मात्र गाढ झोपली होती.

दीड दिवस उलटून गेल्यावर केचिकन आलं. इथे वर्षाला सुमारे १५० इंच पाऊस. १९४९ साली तर २०० च्या वर पडला. तो आकडा मिरवणारी मोठी पाऊस-मोजपट्टी गावात धक्क्याजवळ उभी आहे. बाकीची गावं असले आकडे लपवून ठेवतील! मी छत्री उघडली. आजूबाजूला एकाही माणसाकडे छत्री नव्हती; सगळे तपकिरी रबरी बुटांत निवांत चाललेले. एका आजोबांना गाठून मी काकुळतीने विचारलं, "हे थांबतं तरी कधी?"

त्यांनी वर पाहिलं, मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय?"