खुलासा : ‘निसर्ग’ चक्रीवादळ येऊन गेलं, म्हणून २०७० पर्यंत निर्धास्त राहू नका

श्रीवर्धन-मुरूडकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : “पन्नास वर्षांतून एकदा येणारं वादळ २०२० मध्ये येऊन गेलं. आता २०७० पर्यंत घोर नाही, छपरावर जादा खर्च करू नका.” हे साफ चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे.

मी इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारावर संशोधन करतो. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात ५० वर्षांचा जो वारा धरतात, त्याचा अर्थ तेवढा वारा येण्याची दरवर्षी २ टक्के शक्यता. मागच्या वर्षी वादळ आलं म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. ५० वर्षं उभ्या राहणाऱ्या घराला तसा वारा निदान एकदा लागण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के भरते. कॉम्प्युटरवर हजारो वर्षांचे वारे चालवून पाहिले, तर कधी दोन मोठी वादळं लागोपाठही येतात. ‘निसर्ग’नंतर वर्षाच्या आत ‘तौक्ते’ किनाऱ्यालगत येऊन गेलंच की!

वारा छपराला सर्वांत जोरात वर खेचतो तो कडेला आणि कोपऱ्यांवर. पत्रा बहुधा तिथूनच सुटतो. खाऱ्या हवेनं गंजलेले जे-बोल्ट (पत्रा धरून ठेवणारे आकड्यासारखे बोल्ट) आणि वॉशर पावसाआधी बदलून घ्या, कोपऱ्यांत बोल्ट जवळजवळ मारा. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा, ही कळकळीची विनंती.