शून्य अंशाच्या उष्णतेचं करायचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

‘आधी वीज जाळून बर्फ करायचा, मग यंत्रांच्या टाकाऊ उष्णतेने तो वितळवायचा, आणि हाती काय, तर शून्य अंशाचं पाणी! हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे,’ असं तुम्ही टाकाऊ उष्णता बर्फात साठवण्याच्या कल्पनेबद्दल लिहिलंत.

त्या पाण्यातून पुन्हा वीज मिळणार नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर. तसा दावा करणाऱ्याला खुशाल हाकलून लावा. पण उष्णता फक्त विजेसाठीच साठवतात असं थोडंच आहे? हीट पंप त्याच गार पाण्यातून उष्णता ओढतो आणि 40-50 अंशांना इमारत तापवायला देतो. त्यात पाण्याचा बर्फ आपोआप होतो, टाकाऊ उष्णता तो पुन्हा वितळवते. पंपाला वीज लागतेच, पण तो खर्च इमारत तापवण्याचा, बर्फाच्या नावावर कशाला मांडायचा? एक घनमीटर पाणी गोठताना सुमारे 93 युनिट (किलोवॉट-तास) उष्णता देतं. पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापवलं तरी साठा जवळपास तेवढाच होतो. फक्त त्या टाकीला जाड आवरण लागतं आणि तरीही ती निवत जाते. शून्य अंशाची टाकी जमिनीत पुरली, तर भोवतालच्या मातीतून उष्णता उलट आतच येते.

बर्फ मुद्दाम करावा लागतो तो दुसऱ्या प्रकारात. समजा, एखादं यंत्र दोन मिनिटं 500 किलोवॉट उष्णता फेकतं आणि पुढे दोन तास गप्प बसतं. दोन मिनिटांसाठी 500 किलोवॉटची शीतकयंत्रणा कोण बसवेल? 180 किलो बर्फ ती सगळी उष्णता गिळतो, आणि साडेआठ किलोवॉट उष्णता काढणारी छोटी यंत्रणा दोन तासांत तो परत गोठवते. इथे वीज जाते, नाकारत नाही. वाचतं ते वजन आणि जागा. सतत चालणाऱ्या यंत्राला मात्र बर्फाचा काडीचा उपयोग नाही. तिथे सरळ रेडिएटर लावावा.

खरी अडचण तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. उष्णता आणणाऱ्या नळीला लागून असलेला बर्फ आधी वितळतो, आणि तिथे साचलेलं पाणी उष्णता पुढे नेण्यात बर्फाच्या जेमतेम पाव पट. त्यामुळे 180 किलो बर्फ आहे म्हणून तो दोन मिनिटांत वितळेलच असं नाही. पाणी जोरात फिरवत ठेवावं लागतं, नाहीतर बर्फाचा चुराच वापरावा लागतो. तुमच्या जागी मी असतो, तर विजेच्या हिशेबाऐवजी इथेच बोट ठेवलं असतं.