पदवीनंतर लगेचच कशासाठी?

‘पदवीनंतर लगेच एम.टेक. केले नाही, तर अभ्यासाची सवय मोडते आणि पुढे ते राहूनच जाते,’ हे एम.टेक. या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर पदवीविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर मी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या शेडच्या बांधकामांवर अडीच वर्षे काम केले. लोखंडी सांगाड्यांचे आराखडे दुसरीकडून तयार होऊन येतात आणि आपण ते फक्त वाचतो, ही बोचणी मला तिथे लागली, म्हणूनच मी एम.टेक.साठी संरचना अभियांत्रिकी हा विषय निवडला. शेवटच्या वर्षी कोणी विचारले असते, तर बहुधा मित्रांनी घेतला तोच विषय मीही घेतला असता. सवय मोडते हे खरे आहे, गणित पुन्हा हाती यायला मला चार महिने लागले. परंतु ‘गेट’ या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचे गुण ३ वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे परीक्षा शेवटच्या वर्षी देऊन नोकरी करता करता निर्णय घेता येतो, आणि या सोयीचा उल्लेख लेखात यायलाच हवा होता.

अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर पदव्युत्तर पदवीवाचून गत्यंतर नाही. मात्र ज्यांना सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीत जायचे आहे, त्यांनी आधी हे पाहावे की यांपैकी अनेक कंपन्या ‘गेट’च्या गुणांवर पदवीधरांनाच घेतात. ‘गेट’मधून पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, नागपुरात घरी राहून शिकणाऱ्या माझे त्यात भागले, पण परगावी खोली घेऊन राहिलेल्या माझ्या मित्राला घरून पैसे मागवावे लागत.